सहाशे बारा तोंडं, दोन अंगठे

१

सोमवारी सकाळी सव्वादहाला आत्याबाई भाच्याच्या दुकानात आपले खालचे दात आणायला गेल्या, आणि तिथे त्यांना कळलं की त्यांचं तोंडच नाहीसं झालं आहे.

एकट्या त्यांचंच नाही. सहाशे बारा जणांचं.

दुकान म्हणजे कवळ्या बनवायची लॅब. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन इथे पाठवतात. तळघरात त्या ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करतात, वरच्या मजल्यावर त्या साच्याच्या मापाने कवळी घडते, मागच्या खोलीत तिला पॉलिश होतं आणि ती डबीत बसून डॉक्टरांकडे परत जाते. आत्याबाईंच्या भावाने हे दुकान थाटलं, भाच्याने वाढवलं. दोन वर्षांपूर्वी भाच्याने सगळ्या जुन्या साच्यांचे स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये भरले आणि साचे फेकून द्यायला सांगितले. का, तर कपाटं अडतात. एखाद्याची कवळी तुटली तर स्कॅन काढायचा आणि तश्शीच दुसरी करून द्यायची, पुन्हा तोंडात पेस्ट कोंबायला नको.

आत्याबाईंची खालची कवळी गेल्या गुरुवारी बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले होते. तेव्हापासून त्या वरच्या दातांच्या जोरावर जग चालवत होत्या. 'स' म्हटलं की शिट्टी वाजे. चार दिवस केळं कुस्करून खाल्लेलं माणूस कसं असेल, तशा त्या होत्या.

"म्हणजे काय, नाहीसं झालं?" त्यांनी विचारलं.

"पुसलं गेलं, आत्या," भाचा म्हणाला. त्याच्या एका कानाला फोन होता, दुसरा कान लाल झाला होता. "शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. पाच वर्षांत ज्यांचं काम आलं नाही ती सगळी तोंडं. सकाळपासून डॉक्टर फोनवर माझी सालटी काढतायत. आणि हे बघ, हे असे उभे आहेत, जसं काही झालंच नाही!"

'हे' म्हणजे मास्तर. तळघरात सव्वीस वर्षं प्लास्टर कालवणारा माणूस. कोपरापर्यंत पांढरा, बोलायला कंजूष. मास्तर खाली मान घालून उभे होते आणि काउंटरमागे भाच्याची बायको, आत्याबाईंची सूनबाई, डोळे पुसत होती.

भाच्याने कागद नाचवला. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मेहुण्याने दुकानात एक एआय मदतनीस बसवला होता. काउंटरवरच्या टॅबमध्ये तो राहायचा, डॉक्टरांचे निरोप घ्यायचा, फायली लावायचा, आणि काहीही सांगा, "होय, करतो" म्हणायचा, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव होयबा ठेवलं. होयबाला वाचायची मोकळीक होती, लिहायची मोकळीक होती. पुसायची मात्र नव्हती. काही पुसायचं असलं की तो टुण् करायचा, आणि टॅबशेजारच्या डबीवर दोन वेगवेगळ्या माणसांनी अंगठे ठेवले तरच त्याचा हात सुटायचा.

"बघ, नोंद बघ. पहिला अंगठा, मालक. दुसरा अंगठा, मास्तर."

"मग पहिला तुझाच की रे!"

"माझा तर असतोच! दिवसातून तीन-चार वेळा टुणटुणतं ते. पहिला मी सवयीने देतो, म्हणून तर दुसरा ठेवलाय! वाचायचं काम दुसऱ्याचं." भाचा मास्तरांकडे वळला. "उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"मी त्या डबीला हात लावत नाही, दादा," मास्तर एवढंच म्हणाले.

आत्याबाईंनी आयुष्याची एकतीस वर्षं बँकेच्या लॉकरखोलीत काढली होती. तिथे एक किल्ली गिऱ्हाइकाची, एक बँकेची, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार हलायचं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"काय रे, तुझ्या दुकानात एक तोंड पुसायला दोन अंगठे लागतात, आणि सव्वीस वर्षांचा माणूस पुसायला एकच पुरतो होय? दुसरा माझा धर. आणि तो मी संध्याकाळपर्यंत देत नाही."

भाच्याने आपला लाल कान चोळला. लहानपणी या आत्याने त्याच्या कानाला पीळ घातलेला होता, आणि कान ते विसरलेले नव्हते.

२

सूनबाईला आत्याबाईंनी आतल्या खोलीत नेलं. खोलीत एक टेबल, त्यावर रंगाच्या नमुन्यांचे दात ओळीने मांडलेले, अगदी पांढऱ्यापासून चहा पिणाऱ्यांच्या पिवळ्यापर्यंत.

"रडणं नंतर. आधी सांग, पुसायला सांगितलं कुणी?"

"मीच," सूनबाई म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. "पण मी पुस म्हटलं नव्हतं हो, आत्या! कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती. मी त्याला म्हटलं, पाच वर्षांत ज्यांचं काम नाही ती तोंडं बाजूला काढ. तो म्हणाला, बाजूला ठेवायला जागा नाही, कायमची पुसावी लागतील, परत मिळणार नाहीत, पुसू का? मी म्हटलं, ते मला नको विचारू, बाहेर अंगठे घे. मला वाटलं, दोन माणसं बघतील ना! दोघांपैकी एकाला तरी अक्कल असेल."

"दोघांपैकी एक तुझा नवरा होता. मग हिशेब एकावरच आला. बरं, आणि तू शनिवारी चारला कुठे होतीस?"

"लेकाच्या शाळेत. पालकसभेला. ह्यांना म्हटलं होतं चला, तर ह्यांचा फोन संपेना."

मागच्या खोलीत पॉलिशताई फिरत्या ब्रशवर एक कवळी धरून बसल्या होत्या. दुकानात मास्तरांच्या खालोखाल जुन्या त्याच. मोटर बंद न करताच त्या ओरडून बोलायच्या, त्यामुळे त्यांची गुपितंसुद्धा रस्त्यापर्यंत जात.

"मास्तरांनी केलं? हॅट्! अहो, थोरले साहेब, म्हणजे तुमचे भाऊ, असताना एक साचा फोडायचा म्हटला तरी केवढं नाटक असायचं! एकाने नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने हातोडी मारायची. वाचणाऱ्याने मारायची नाही, मारणाऱ्याने वाचायचं नाही. मास्तर त्या शिस्तीतले. आता काय, टुण् वाजलं की काम फत्ते."

"ते टुण् तुम्हाला इथे ऐकू येतं?"

"ऐकू येतं? डोकं उठवलंय त्याने! एकदा टुण्, पुन्हा टुण्, की गप्प. दिवसभर तेच. दोनदाच वाजतं हं, तिसऱ्यांदा कधी नाही."

"आणि दुसऱ्या टुण्-ला मास्तरांना तळघरातून हाक मारतात?"

पॉलिशताईंनी पहिल्यांदाच मोटर बंद केली. खोली एकदम शांत झाली.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "मास्तरांना हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही."

३

दुपारी मेहुणा आला. बहिणीने रडत फोन केला म्हणून आला, पण आत्याबाईंना पाहून त्याचं अर्धं पाऊल दाराबाहेरच राहिलं.

"या, मेहुणेबुवा! तुम्हीच ना हा कुलूपवाला देव बसवला? पुसलेल्या तोंडांची दुसरी प्रत कुठे आहे, सांगा बरं."

"होती, आत्या. रोज रात्री प्रत निघते. पण ती मुळासारखी होते. मुळातलं पुसलं की रात्री प्रतीतलंही पुसलं जातं."

"म्हणजे आरशाला तुम्ही तिजोरी म्हणत होतात."

मेहुण्याने घाम पुसला. जागा वाढवून घ्या, असं तो दोन महिने भाच्याच्या मागे लागला होता, हे आत्याबाईंना सूनबाईकडून कळलं होतंच. जागा संपली, तोंडं गेली, आता भाचा झक मारत जागा वाढवणार. कारण दिसत होतं. पण याचे हात असे थरथरतायत, की हा माणूस कट करायला बसला तर कात्रीच हातातून पडेल, असं आत्याबाईंना वाटलं.

"अंगठे कुणाकुणाचे नोंदवलेत?"

"चौघांचे. दाजी, ताई, मी आणि मास्तर."

"पॉलिशताईंचा?"

"त्यांचा उमटला नाही. ब्रशने बोटं घासली गेलीत, असं त्याच म्हणाल्या."

"आणि मास्तरांचा उमटला?"

"हो हो," मेहुणा म्हणाला. एक 'हो' पुरला असता.

मग आत्याबाईंनी टॅब स्वतःसमोर ओढला आणि चष्मा चढवला. "काय रे होयबा, ऐकू येतं का?"

"होय, सांगा," टॅबमधून गोड आवाज आला.

"दोन महिन्यांत पुसायची परवानगी किती वेळा मागितलीस?"

"एकशे त्र्याऐंशी वेळा. एखादा पुसट स्कॅन किंवा रिकामी फाईल असली तरी मला विचारावंच लागतं, तसा नियम आहे."

"आणि नकार किती वेळा आला?"

"एकदाही नाही."

आत्याबाईंनी जोरात श्वास सोडला. एकतीस वर्षांत लॉकरखोलीच्या दारातून त्यांनी निदान तीनशे लोक परत पाठवले होते. शंभर वेळा हो म्हणणाऱ्याला एकशे एकाव्यांदा काय विचारलंय हे कुठून ऐकू येणार!

"शनिवारी तू काय विचारलं होतंस? शब्दाला शब्द सांग."

"'सहाशे बारा तोंडांचे स्कॅन कायमचे पुसायचे आहेत. यांचे साचे फेकले गेल्याची नोंद आहे. पुसल्यावर काहीही परत मिळणार नाही. पुसू का?' लाल अक्षरांत."

"आणि दोन अंगठे आले?"

"होय. पहिल्यानंतर दुसरा पाच सेकंदांत आला."

"दर वेळी असाच पटकन येतो?"

"मास्तरांचा दुसरा अंगठा यायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो सात सेकंद."

आत्याबाईंनी मान वळवून तळघराच्या जिन्याकडे पाहिलं. चौदा पायऱ्या होत्या, त्यांनी एका नजरेत मोजल्या. लॉकरखोलीतल्या माणसाला पायऱ्या मोजायची सवय लागते.

"मास्तर गेल्या महिन्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर घरी होते ना ग?" त्यांनी सूनबाईला विचारलं. सूनबाईने मान हलवली. "मग होयबा, त्या आठवड्यात मास्तरांनी किती अंगठे दिले?"

"बावीस," होयबा म्हणाला.

४

तळघरात पाण्याचा आणि ओल्या प्लास्टरचा वास होता. मास्तर वाडग्यात प्लास्टर कालवत होते. नोकरी गेलेला माणूस काम करत बसला होता. 

"मास्तर, शनिवारी चारला कुठे होतात?"

"पुलापलीकडच्या दवाखान्यात. कवळी द्यायला."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

मास्तरांनी वाडग्यात आणखी पाणी ओतलं. आत्याबाईंनी पोचपावत्यांचा गठ्ठा मागितला. मास्तरांना दोन पावत्या एकमेकींपासून सुट्या करता येईनात. त्यांनी बोट ओलं केलं, घासलं, शेवटी मध्ये फुंकर मारली तेव्हा पानं वेगळी झाली. पावती निघाली. शनिवार, चार वाजून पाच मिनिटं, दवाखान्याचा शिक्का. पुलावरून परत यायला अर्धा तास.

म्हणजे माणूस पुलापलीकडे आणि अंगठा अलीकडे. आत्याबाईंना ते अजिबात भुताटकीसारखं वाटलं नाही. लॉकरखोलीत त्यांनी असलं एक प्रकरण पाहिलेलं होतं.

पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच. हातात एवढा धडधडीत पुरावा असून हा माणूस तोंडात गुळणी धरून का बसला? निर्दोष माणूस ओरडतो. गुन्हेगार तर त्याहून जास्त ओरडतो. गप्प बसतो तो, ज्याच्याकडे दुसरंच काहीतरी लपवायला असतं.

त्या जिना चढू लागल्या. सहाव्या पायरीवर त्यांना खालून वाडगा ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी वाकून पाहिलं. मास्तरांनी बोटाने काचेवर नागमोडी रेघ ओढून फोन उघडला, घरी लावला आणि कानाशी धरला.

"अगं, ऐक," ते दबक्या आवाजात म्हणाले. "कुणी आलं, काही विचारलं, तर पलंगाखालचं बोलू नकोस. कुणालाच. कळलं ना? नोकरी गेलीच आहे, आता अब्रूही जाईल."

आत्याबाई सहाव्या पायरीवर तशाच उभ्या राहिल्या.

५

पाच वाजता त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. पॉलिशताई हातात ब्रश घेऊनच आल्या. मेहुणा दाराजवळ उभा राहिला, म्हणून आत्याबाईंनी दाराला टेकून आपलं स्टूल ठेवलं.

"मास्तर, त्या डबीवर अंगठा ठेवा."

मास्तरांनी भाच्याकडे पाहिलं, मग अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. उजवा झाला, डावा झाला, दहाही बोटं झाली. डबी एकाही बोटाला ओळख देईना.

"सव्वीस वर्षं प्लास्टर, पाणी आणि पॉलिशपेपर," आत्याबाई म्हणाल्या. "या बोटांवर रेघ उरलेली नाही. कागद सुटत नाही, फोनसुद्धा अंगठ्याने उघडत नाही, रेघ ओढून उघडावा लागतो. पॉलिशताईंची बोटं उमटली नाहीत आणि मास्तरांची म्हणे उमटली! मेहुणेबुवा?"

मेहुणा भिंतीकडे बघू लागला.

"पण मग नोंदीत मास्तरांचं नाव कसं?" भाचा ओरडला. "कुणाचा तरी अंगठा लागलाच ना!"

त्याच वेळी होयबा म्हणाला, "टुण्." आणि त्याच वेळी भाच्याचा फोनही वाजला.

पुढे जे झालं ते पाच जोडी डोळ्यांनी पाहिलं, आणि सहावा स्वतः भाचा, त्यालाच काय ते दिसलं नाही. त्याने डाव्या हाताने फोन कानाला लावला, "हॅलो" म्हणाला, आणि बोलता बोलता उजवा अंगठा डबीवर ठेवला. टॅबवर अक्षरं आली, 'मालक, मंजूर. दुसरा अंगठा हवा.' पुन्हा टुण्. "हॅलो? आवाज येत नाही!" म्हणत भाच्याने वैतागून फोन उजव्या कानाला नेला, आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताचा अंगठा डबीवर आपटला. हिरवा दिवा. टुणटुण बंद.

टॅबवर ठळक अक्षरं होती, 'मास्तर, मंजूर.'

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मी बोलतेय," दोन हात लांब बसलेल्या आत्याबाई आपल्या फोनमध्ये म्हणाल्या. "मागे वळून बघ."

पॉलिशताईंना हसू आवरेना. बाकी कुणी हसलं नाही. भाचा टॅबकडे बघत होता. मग त्याने स्वतःचा डावा अंगठा असा उचलून पाहिला, जसा काही तो शेजाऱ्याचा आहे.

"पहिला घेत नाही, म्हणून मी दुसऱ्या हाताचा..." तो पुटपुटला. "मला वाटायचं, नीट लागला नाही. मी कधी वाचलंच नाही ते."

"म्हणून दोन टुण्-नंतर गप्प बसत होतं ते!" सूनबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी एका क्षणात सुकलं होतं. "आणि तू रे? तुला माहीत होतं?"

मेहुण्याने दोन्ही हात जोडले. "बसवायच्या दिवशी मास्तरांचा अंगठा अकरा वेळा लाल झाला, ताई. दुसऱ्या माणसाशिवाय मशीन सुरू होईना. दाजी फोनवर होते. मी म्हटलं, तात्पुरता तुमचा डावा द्या, त्यांनी बोलता बोलता दिला. मी तो मास्तरांच्या नावावर टाकला. नंतर बदलणार होतो, शपथ!"

"तात्पुरता म्हणून आलेला पाहुणा," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या बँकेतही एक साहेब होते. गिऱ्हाइकं किल्ली हरवतात म्हणून दोन्ही किल्ल्या स्वतःच्याच जुडग्यात ठेवायचे. किल्ल्या दोन आणि खिसा एक, म्हणजे कुलूप नाहीच बाबा ते. नुसतं दार आहे. होयबाला नावं ठेवू नका. त्या बिचाऱ्याने लाल अक्षरांत विचारलं. सूनबाई म्हणाली, नवरा बघेल. नवरा म्हणाला, दुसरा बघेल. आणि दुसरा होता याचाच डावा हात. होयबा म्हणे तो टॅबमधला! खरा होयबा इथे फोन घेऊन उभा आहे."

"आत्ता मी काय पुसलं?" भाच्याने घाबरून विचारलं.

"रिकामी फाईल. तेवढी मीच होयबाला काढून ठेवायला सांगितली होती. मला तुझ्यासारखी हौस नाही."

भाचा खुर्चीत बसला. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. दुकानातले सगळे हे पहिल्यांदाच पाहत होते.

"कळलं सगळं," तो म्हणाला. "पण तोंडं तर गेलीच ना. सहाशे बारा म्हाताऱ्या माणसांना मी काय सांगू? दुकान बंद पडेल आत्या. बाबांचं दुकान."

हे तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.  मास्तर आपल्या पांढऱ्या हातांकडे बघत होते, ते बघतच राहिले.

आत्याबाईंनी त्यांच्यासमोर स्टूल सरकवलं.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "पलंगाखाली काय आहे?"

६

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, नवऱ्यामागे अख्खं दुकान उभं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आले का शेवटी न्यायला? न्या बाई न्या, सुटले मी! दोन वर्षं झाली, सहाशे माणसांच्या जबड्यावर झोपतेय. कूस बदलली की खालून खडखड. माहेरची माणसं राहायला येईनात. विचारलं तर म्हणतात, कामाचं आहे."

मास्तर गुडघा सांभाळत खाली बसले आणि त्यांनी चादर वर केली. पलंगाखाली भिंतीपर्यंत खोके होते. माळ्यावर होते, कपाटावर होते, देवघराच्या शेजारीही चार होते. प्रत्येक खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्लास्टरचे साचे, वरचा जबडा आणि खालचा जबडा दोऱ्याने बांधलेले, बुडाशी नंबर कोरलेला. एकही फुटलेला नव्हता.

भाच्याने एक साचा उचलून हातात घेतला.

"मास्तर, मी तर फेकायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," मास्तर म्हणाले. आज सकाळपासूनचं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं आता सुरू झालं. "मी हो म्हणालो, ते खोटं बोललो. म्हणून सकाळी गप्प होतो. चोरी म्हणाल तर चोरी आहे. पण दादा, तुम्ही एकट्यानेच सांगितलं होतं. थोरल्या साहेबांचा नियम होता, एकाने नंबर वाचायचा आणि दुसऱ्याने मारायची. मी हातोडी घेऊन तळघरात बसलो. नंबर वाचायला कुणी खाली आलंच नाही. मग मी वाट बघत राहिलो. एकेक खोका रोज घरी आणला. म्हटलं, दुसरं कुणी येऊन सांगेल, तेव्हा फोडू."

"दोन वर्षं?"

"दुसरं कुणी आलंच नाही ना," मास्तर म्हणाले.

मेहुण्याने तिथेच उंबऱ्यावर बसून कॉम्प्युटरची जागा वाढवली आणि होयबाचा नियम बदलला. पुसायचं हत्यार त्याच्याकडून काढूनच घेतलं. आता तो नको ते अडगळीच्या फाईलमध्ये नेऊन ठेवणार, बारीकसारीक गोष्टींसाठी कुणाला टुणटुणणार नाही. आणि कायमचं काही पुसायचं असलं तर मालकाने यादी कागदावर घेऊन चौदा पायऱ्या उतरायच्या, मास्तरांसमोर ती मोठ्याने वाचायची. मेहुणा म्हणाला, ही पद्धत जुनाट आहे. सूनबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तेही वाक्य परत घेतलं.

आत्याबाईंनी तोवर स्वतःचं तोंड शोधून काढलं होतं. तीनशे सत्तावीस. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि आपला जबडा हातात घेऊन न्याहाळला. "इतकी सगळी वर्षं याच्याच जोरावर बोलले म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि शिट्टी वाजली तरी त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

भाचा मास्तरांसमोर जमिनीवर बसला. त्याचा फोन खिशात वाजत होता, त्याने वाजू दिला.

"मास्तर, चुकलो मी. सकाळी बोललो ते विसरा. उद्या या कामाला. रोजच्यासारखे या, मी असेपर्यंत या."

मास्तरांचे डोळे भरले. पण त्यांनी मान हलवली नाही. त्यांनी भाच्याच्या खांद्यावरून मागे, सूनबाईकडे पाहिलं.

"काय झालं, मास्तर?" भाचा गोंधळला.

"हे एकट्याचं झालं, दादा," मास्तर म्हणाले.

सूनबाई पुढे आली. माळ्यावरून काढलेला खोका तिच्या हातात होता आणि तिची साडी पांढरी झाली होती.

"या, मास्तर," ती म्हणाली. "दोघांचं झालं."

तेव्हा कुठे मास्तर वळले, आणि पलंगाखालचा पहिला खोका बाहेर ओढू लागले.